सूर्यडाग, इलेक्ट्रॉन आणि रेडिओ लहरी: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम ठरलं. सूर्यडागावरच्या भागात धावणारे वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी कशा सोडतात, हे दाखवणारी छोटी संगणकीय प्रतिकृती पायथनमध्ये बांधायची. वापरणाऱ्याने दोनच गोष्टी द्यायच्या: डागाचं चुंबकीय क्षेत्र किती आणि इलेक्ट्रॉन किती उंचीवर आहेत. तिथून कोणत्या वारंवारतेची लहर निघेल आणि कोणत्या वाटेने, हे प्रतिकृतीने सांगायचं. नवीन निरीक्षणं घेणार नाही. माहीत असलेली सूत्रं वापरून हिशोब करायचा आणि तो प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांशी ताडून पाहायचा.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, कारण सोप्या भाषेतल्या लेखांत ती बहुतेक वेळा निसटते. 'सूर्यडागातून इलेक्ट्रॉन सुटतात' असं म्हटलं जातं खरं, पण डाग स्वतः काहीच फेकत नाही. डाग ही सूर्याच्या पृष्ठभागावरची तुलनेने थंड जागा आहे. गडद गाभ्यात तापमान साधारण ४००० केल्व्हिन, भोवतालच्या पृष्ठभागावर ५८०० च्या आसपास. डागाचं सामर्थ्य त्याच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये वर्णपटातल्या दुभंगलेल्या रेषांवरून ते ओळखलं, आणि मोठ्या डागांत ते २००० ते ३००० गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) सहज जातं. इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो तो बऱ्याच वर, करोनात, म्हणजे सूर्याच्या विरळ बाह्य वातावरणात, जिथे ताणलेल्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात. वेग मिळाल्यावर त्यांनी कुठे जायचं, कुठे अडकायचं आणि कोणत्या सुरात बोलायचं, हे मात्र डागाचं क्षेत्र ठरवतं. प्रतिकृतीची मांडणी याच क्रमाने करणार.

९ जानेवारी

जुनी निरीक्षणं वाचून काढली. २७ आणि २८ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश लष्कराच्या रडारांवर प्रचंड गोंगाट आला. ही रडारं ४ ते ६ मीटर तरंगलांबीवर चालत. त्याच महिन्यात जर्मन जहाजं रडार जाम करून इंग्लिश खाडीतून निसटली होती, त्यामुळे पहिला संशय शत्रूवरच. ब्रिटिश लष्करी संशोधक जेम्स स्टॅन्ली 'हे' (Hey) यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या दिशा तपासल्या, तेव्हा सगळ्या सूर्याकडे बोट दाखवत होत्या. सूर्यबिंबाच्या मध्यभागी त्या वेळी डागांचा मोठा समूह होता. तापलेल्या वायूकडून जेवढी अपेक्षा करावी, त्याच्या सुमारे एक लाख पट हा गोंगाट होता. युद्धातल्या गुप्ततेमुळे हे सगळं छापून यायला १९४६ उजाडलं.

त्याच १९४६ मध्ये सिडनीजवळच्या डोव्हर हाइट्सच्या कड्यावरून रुबी पेन-स्कॉट, जोसेफ पॉसी आणि लिंडसे मॅक्रेडी यांनी २०० मेगाहर्ट्झवर सूर्योदय 'ऐकला'. अँटेना एकच, पण एक लहर थेट येते, दुसरी समुद्रावरून परावर्तित होऊन, आणि दोघींच्या मिलाफातून पट्टे उमटतात. पट्ट्यांवरून कळलं की स्रोत सूर्यबिंबापेक्षा बराच लहान आहे आणि तो डागांच्या समूहावरच आहे. ही मोजणी मला फार सुंदर वाटते. दुसरी अँटेना न लावता तिचं काम समुद्राकडून करून घेतलं.

आर्थर कव्हिंग्टन यांनी २३ नोव्हेंबर १९४६ च्या खंडग्रास ग्रहणात १०.७ सेंटिमीटरवर मोजणी केली. चंद्राने मोठा डाग झाकला की सूर्याची तीव्रता एकदम घसरते, हे त्यांना दिसलं. पुढे याच तरंगलांबीवरची रोजची नोंद सूर्याच्या सक्रियतेचं प्रमाण मोजमाप झाली.

'हे' आणि कव्हिंग्टन दोघांनीही डागच पाहिला, पण दोघांनी पाहिलेली लहर एकाच कारणाने निघालेली नाही. प्रतिकृतीला हा फरक दाखवता आला पाहिजे, नाहीतर ती बांधण्यात अर्थ नाही.

१३ जानेवारी

पाया घातला. सगळं दोन वारंवारतांवर उभं आहे.

पहिली प्लाझ्मा वारंवारता. प्लाझ्मा म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) यांचा वायू. एका घन सेंटिमीटरमध्ये किती मोकळे इलेक्ट्रॉन आहेत ते घ्यायचं, वर्गमूळ काढायचं, ९ ने गुणायचं. उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. १० कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ९० मेगाहर्ट्झ. इलेक्ट्रॉनांचा थर जरा सरकला की आयन त्याला मागे खेचतात आणि तो हेलकावे खाऊ लागतो. त्या हेलकाव्यांची ही वारंवारता. तिचं दुसरं काम दरवाजाचं आहे: तिच्यापेक्षा कमी वारंवारतेची रेडिओ लहर त्या जागेतून पुढे जाऊच शकत नाही.

दुसरी गायरो-वारंवारता, म्हणजे चुंबकीय रेषेभोवती इलेक्ट्रॉन सेकंदाला किती घिरट्या घालतो. गॉसला २.८ ने गुणा, उत्तर मेगाहर्ट्झमध्ये. १००० गॉसला २.८ गिगाहर्ट्झ: सेकंदाला २८० कोटी घिरट्या.

घिरटीचा आकारही काढला. प्रकाशाच्या तीन दशांश वेगाचा इलेक्ट्रॉन (ऊर्जा सुमारे २५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) १००० गॉसमध्ये रेषेला काटकोनात फिरत असेल, तर वर्तुळाची त्रिज्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर येते. डाग हजारो किलोमीटरचा, त्यावरच्या चुंबकीय रेषांच्या कमानी त्याहून मोठ्या, आणि इलेक्ट्रॉन रेषेपासून बोटाच्या पेराइतकाही दूर जात नाही. इलेक्ट्रॉन रेषेला बांधलेला असतो म्हणतात ते हेच. आकडा पाहिल्यावर त्या म्हणण्याला वजन आलं.

१७ जानेवारी

दोन वारंवारतांची शर्यत उंचीनुसार मांडली. घनतेसाठी न्यूकर्कचं प्रारूप (करोनात उंचीनुसार इलेक्ट्रॉन किती, हे सांगणारं सूत्र) घेतलं: सूर्याच्या केंद्रापासूनचं अंतर सौरत्रिज्येत घ्यायचं, ४.३२ ला त्याने भागायचं, १० चा तेवढा घात काढायचा आणि ४२,००० ने गुणायचं. क्षेत्रासाठी साधा द्विध्रुव, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांचा छोटा चुंबक, पृष्ठभागाखाली ३०,००० किलोमीटरवर पुरलेला. पृष्ठभागावर २५०० गॉस.

४०,००० किलोमीटर उंचीवर क्षेत्र १९७ गॉस येतं, म्हणजे गायरो-वारंवारता सुमारे ५५० मेगाहर्ट्झ. तिथली प्लाझ्मा वारंवारता २०३. चुंबकत्वाचं राज्य आहे. १,००,००० किलोमीटरवर चित्र उलटतं: गायरो ८६, प्लाझ्मा १४२. बरोबरीची उंची ७५,००० किलोमीटरच्या जवळपास.

प्रतिकृतीत या उंचीला 'सीमा' असं नाव दिलंय. सीमेखाली इलेक्ट्रॉन घिरट्यांच्या भाषेत बोलतो, सीमेच्या वर प्लाझ्माच्या हेलकाव्यांच्या. ही काटेकोर भिंत नाही, पण विचार करायला याहून चांगला आधार मला सापडलेला नाही. यापुढची प्रत्येक नोंद या सीमेच्या संदर्भात आहे.

१८ जानेवारी

सीमेखालचा सर्वात शांत प्रकार आधी उरकला. डागावरच्या करोनात तापमान दहा लाख केल्व्हिनच्या पुढे असतं. तिथले साधे, उष्णतेनेच फिरणारे इलेक्ट्रॉन गायरो-वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेवर लहरी सोडतात. तिप्पट धरून उंच्या काढल्या: २.८ गिगाहर्ट्झला (म्हणजे कव्हिंग्टन यांच्या १०.७ सेंटिमीटरला) ३३३ गॉस लागतात, ते २८,७०० किलोमीटरवर मिळतात. ५ गिगाहर्ट्झला १८,४००. १० ला ८,४००. १७ ला जेमतेम २,२००. वारंवारता वाढवत गेलं की आपण डागाच्या जवळ उतरत जातो. १७ गिगाहर्ट्झला २००० गॉसच्या वर क्षेत्र लागतं, म्हणून जपानच्या नोबेयामा रेडिओहेलिओग्राफच्या त्या वारंवारतेच्या चित्रांत फक्त बलवान डागच झळकत.

कव्हिंग्टन यांच्या लहरींचा डागाशी संबंध असा लागतो. यात वेगवान इलेक्ट्रॉनांचा हात नाही. मोजलेली तीव्रता तापमानाच्या रूपात मांडली तर ती करोनाच्या तापमानापलीकडे जाऊ शकत नाही. 'हे' यांचा लाखपट गोंगाट या वाटेने कधीच निघणार नाही.

२३ जानेवारी

सीमेच्या वरचा भाग. इथे वेळ द्यावाच लागला.

पॉल वाइल्ड आणि मॅक्रेडी यांनी १९५० मध्ये ७० ते १३० मेगाहर्ट्झचा पट्टा सतत टिपून सूर्याच्या रेडिओ स्फोटांचे तीन प्रकार पाडले. प्रकार तीन सर्वात चपळ: काही सेकंदांत वरच्या वारंवारतेकडून खालच्या वारंवारतेकडे घसरतो. इलेक्ट्रॉनांचा झोत उघड्या चुंबकीय रेषेवरून बाहेर धावतो, वर घनता कमी होत जाते, म्हणून प्लाझ्मा वारंवारताही उतरत जाते.

पण झोत धावला म्हणून हेलकावे का सुरू व्हावेत? याचं यंत्र १९५८ मध्ये विताली गिंझबुर्ग आणि व्लादिमीर झेलेझन्याकोव्ह यांनी मांडलं. एकत्र सुटलेल्या धावपटूंसारखे वेगवान इलेक्ट्रॉन पुढे निघतात, मंद मागे पडतात. वाटेतल्या कोणत्याही ठिकाणी वेगवानांची टोळी आधी पोहोचते. मग त्या जागी वेगांच्या आलेखावर एक फुगवटा येतो: मधल्या वेगाचे कमी, जास्त वेगाचे अधिक. लहरीपेक्षा किंचित वेगवान इलेक्ट्रॉन लहरीला ऊर्जा देतो, किंचित मंद इलेक्ट्रॉन तिच्याकडून घेतो. फुगवट्याच्या चढावर देणारे घेणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, म्हणून लहर वाढत जाते. या लँगम्यूर लहरी. त्या प्लाझ्मातच अडकलेल्या असतात, सूर्याबाहेर पडत नाहीत. आयनांवरून विखुरल्या तर त्यांची रेडिओ लहर होते, प्लाझ्मा वारंवारतेच्या जवळपासची. दोन लँगम्यूर लहरी एकमेकींत मिळाल्या तर दुप्पट वारंवारतेची.

मग पीटर स्टरॉक यांनी १९६४ मध्ये अडचण दाखवली. या हिशोबाने झोताने आपली सगळी ऊर्जा थोड्याच अंतरात लहरींना देऊन टाकायला हवी. तरी झोत पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येतात! उत्तर असं: झोताच्या पुढच्या टोकाने निर्माण केलेल्या लहरी मागून येणारे मंद इलेक्ट्रॉन शोषून घेतात. पुढच्यांनी दिलेलं मागच्यांच्या पदरात पडतं आणि झोत एकूण फारसं न गमावता पुढे जातो. या भागाचा वेगळा आलेख केलाय, फुगवटा उठताना आणि सपाट होताना दाखवणारा. संपूर्ण प्रतिकृतीत मला सर्वात जवळचा वाटणारा आलेख हाच.

हे यंत्र केवळ कागदावर राहिलं नाही. डोनाल्ड गर्नेट आणि रॉजर अँडरसन यांनी १९७६ मध्ये हेलिओस यानांच्या नोंदींवरून प्रकार तीनच्या स्रोतातच लँगम्यूर लहरी दाखवल्या.

२५ जानेवारी

आकडे घातले. १.२ सौरत्रिज्येवर प्लाझ्मा वारंवारता ११६ मेगाहर्ट्झ, १.५ वर ५१, २ वर २२. झोताचा वेग प्रकाशाच्या तीन दशांश. १.२ ते १.५ हे अंतर जवळपास २,०९,००० किलोमीटर, त्याला २.३ सेकंद लागतात.

गटातल्या एकीने विचारलं: झोत आपल्याच दिशेने येत असेल तर? मग दुसरी लहर आपल्या जवळून निघालेली असते आणि तिला ०.७ सेकंद कमी लागतात. दुर्बिणीला फरक दिसेल १.६ सेकंदांचा. डाग सूर्याच्या कडेला असेल तर ही सूट नाही, पूर्ण २.३ सेकंद. एकच झोत, पण डाग कुठे आहे त्यावरून घसरण कमी-जास्त तीव्र दिसते. ही दुरुस्ती न करता वेग काढला तर समोरून येणारा झोत आहे त्यापेक्षा बराच वेगवान वाटेल. प्रतिकृतीत डागाचं रेखांश देण्याची सोय केली.

झोताची वाट पृथ्वीपर्यंत वाढवली. सरळ रेषेत सुमारे २८ मिनिटं. चुंबकीय रेषा वळणावळणाची असल्याने प्रत्यक्षात अधिक. पृथ्वीजवळ घन सेंटिमीटरमागे पाचएक इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे प्लाझ्मा वारंवारता २० किलोहर्ट्झ. ही लहर जमिनीवरून ऐकणं शक्य नाही, कारण साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालचं आयनांबर अडवतं. म्हणून १९९४ च्या विंड यानासारखी उपकरणं अवकाशात लागतात.

३० जानेवारी

सौरज्वालेच्या वेळचा मायक्रोवेव्ह भाग. पुन्हा सीमेखाली, पण आता इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाचे. १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला वेग प्रकाशाच्या ५५ टक्के. असा इलेक्ट्रॉन गायरो-वारंवारतेच्या अनेक पटींवर एकाच वेळी लहरी सोडतो आणि पटी एकमेकींत मिसळून रुंद वर्णपट होतो. ज्वालेत तेच इलेक्ट्रॉन खाली घट्ट वायूवर आदळून क्ष-किरण देतात, म्हणून दोन्ही आलेख हातात हात घालून चढतात-उतरतात. भाग सरळ आहे. एका दिवसात बसला.

५ फेब्रुवारी

ज्या भागासाठी हा प्रकल्प घेतला, तिथे आलो. सीमेखाली राहणारे, कमानीत अडकलेले इलेक्ट्रॉन.

रेषेवरून खाली डागाकडे जावं तसं क्षेत्र वाढतं. इलेक्ट्रॉनाची घिरटी आवळत जाते, पुढची गती घिरटीत खर्च होते, आणि एका जागी तो थांबून परत फिरतो. चुंबकीय आरसा. रेषेशी फार लहान कोन करणारेच आरशातून निसटून खाली आदळतात. ४०,००० किलोमीटरवरचे १९७ गॉस आणि तळाचे २५०० गॉस घेतले तर हा कोन १६ अंश येतो. खाली निघालेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के निसटतील, बाकीचे परत येतील.

परत येणाऱ्यांत मात्र लहान कोनाचे इलेक्ट्रॉन उरलेले नसतात. वितरणात एक पोकळी राहते, आणि प्लाझ्मा ही पोकळी भरून काढू पाहतो. गायरो-वारंवारतेच्या जवळची लहर आली तर घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा तिला तालात देतात आणि लहर भराभर वाढते. हा इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन मेसर; मेसर म्हणजे लेसरसारखाच, पण रेडिओ लहरींचा. अट एकच: गायरो-वारंवारता प्लाझ्मा वारंवारतेपेक्षा मोठी हवी. आपली सीमा हीच.

पृथ्वीच्या ध्रुवीय प्रकाशाच्या वर हाच मेसर काही शे किलोहर्ट्झवर चालतो. गुरूवर तो ४० मेगाहर्ट्झपर्यंत जातो; तिथल्या लहरी बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांनी १९५५ मध्ये पकडल्या होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिजी यू आणि सहकाऱ्यांनी 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी'त सूर्यडागावरच्या अशाच लहरी जाहीर केल्या. डागाच्या सुमारे ४०,००० किलोमीटर वर, सुमारे १ गिगाहर्ट्झपर्यंतच्या, आणि आठवड्याहून अधिक काळ टिकलेल्या. शेजारच्या भागात अधूनमधून होणाऱ्या ज्वाला डागाला जोडलेल्या मोठ्या कमानींत इलेक्ट्रॉन भरत राहतात, असं त्यांचं स्पष्टीकरण. वाचल्यापासून हा शोध डोक्यातून जात नाही. सेकंदांत संपणारे स्फोट पाहायची सवय असलेल्या विषयात, डागावर दिवसच्या दिवस चालू असलेला 'ध्रुवीय प्रकाश' सापडावा!

६ फेब्रुवारी

प्रतिकृतीला १ गिगाहर्ट्झ दिलं. मूळ गायरो-वारंवारता धरली तर ३५७ गॉस, उंची २७,४०० किलोमीटर. दुप्पट धरली तर १७९ गॉस, उंची ४२,२००. दुसरा आकडा प्रसिद्ध उंचीच्या अगदी शेजारी आहे. पण डागाचं २५०० गॉस आणि ३०,००० किलोमीटरची खोली मी निवडलेली आहे, म्हणून या जुळणीला पुरावा म्हणत नाही. प्रतिकृती योग्य पल्ल्यात आहे एवढंच.

दुपटीकडे कल जायला आणखी एक कारण आहे. मूळ वारंवारतेची लहर बाहेर पडताना कमी क्षेत्राच्या थरांतून जाते. जिथे तिची वारंवारता तिथल्या गायरो-वारंवारतेच्या दुप्पट होते, तिथे उष्ण इलेक्ट्रॉन तिला शोषून घेतात. १८ जानेवारीचा शांत प्रकार इथे वाट अडवून उभा राहतो. ही अडवणूक प्रतिकृतीत घातली आणि मूळ वारंवारतेची रेष बरीच फिकट झाली.

१० फेब्रुवारी

सीमा किती भरवशाची, ते तपासलं. सक्रिय भागावर घनता न्यूकर्कच्या प्रारूपापेक्षा जास्त असते. चौपट धरण्याची पद्धत आहे. चौपट घनता म्हणजे दुप्पट प्लाझ्मा वारंवारता. सीमा ७५,००० वरून ४९,००० किलोमीटरवर उतरली. ४०,००० वर गायरो ५५०, प्लाझ्मा ४०६. मेसर अजून शक्य. द्विध्रुव २०,००० किलोमीटर खोल ठेवला तर मात्र त्याच उंचीवर गायरो २५९ वर येते, आणि चौपट घनतेला मेसर बंद. सगळ्या डागांवर हा प्रकाश का दिसत नाही, याचं एक कारण यात असू शकतं: क्षेत्र वरपर्यंत पसरलेलं हवं आणि वरचा वायू विरळ हवा.

१४ फेब्रुवारी

प्रकार एकच्या वादळांचा प्रश्न राहिला होता. मोठ्या डागांवर मीटर तरंगलांबीत तास-दिवस चालणारा गोंगाट, वर्तुळाकार ध्रुवित. टिकाऊपणा पाहून हे मेसरच समजण्याचा मोह होतो. फरक ध्रुवणाच्या दिशेत आहे. प्लाझ्मा वारंवारतेवरची लहर साधारणतः ओ-प्रकारची, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या घिरटीच्या उलट फिरणारी. मेसरची बहुधा एक्स-प्रकारची, घिरटीच्या दिशेने फिरणारी. डागाचा ध्रुव उत्तर की दक्षिण हे माहीत असेल तर लहर उजवी की डावी यावरून वाट ओळखता येते. निकालाच्या रकान्यात वारंवारतेशेजारी आता ध्रुवणाची दिशाही येते.

१७ फेब्रुवारी

शेवटची कसोटी म्हणून ६ डिसेंबर २००६ चा रेडिओ स्फोट घेतला. १.४ गिगाहर्ट्झवर दहा लाख सौर प्रवाह एककांच्या (सूर्याची रेडिओ तीव्रता मोजण्याचं एकक) वर, आणि सूर्यप्रकाशातल्या बाजूचे जीपीएस ग्राहक अडखळले. त्यांचे संकेत १.२ आणि १.६ गिगाहर्ट्झच्या आसपास असल्याने ते थेट तडाख्यात सापडले. प्रतिकृतीत मायक्रोवेव्हचा रुंद वर्णपट घालून एवढी तीव्रता येत नाही, इलेक्ट्रॉन कितीही वाढवले तरी. मेसरची वाट उघडली की वारंवारतेचा पल्ला बसतो: दुपटीला २५० गॉस, उंची सुमारे ३४,६०० किलोमीटर, चौपट घनतेतही सीमेच्या आत. या स्फोटाचं स्पष्टीकरण संशोधकांनीही मेसरनेच दिलेलं आहे.

उरलेलं काम: द्विध्रुवाऐवजी मोजलेल्या पृष्ठभागीय क्षेत्रावरून काढलेल्या रेषा बसवायच्या, आणि कमानीत इलेक्ट्रॉन किती वेळ टिकतात हे घनतेनुसार मोजायचं. आठवडाभर चालणाऱ्या लहरींसाठी ज्वालांनी किती वेळा भर घालावी लागते, ते त्यावरून निघेल.